वर्षानुवर्षं उभी असलेली मॉडिफाय केलेली जुनी स्पोर्ट्स कार घेताना: किल्ली सगळ्यात शेवटी

उभी राहिलेली गाडी विकणारा माणूस बहुतेक वेळा एकच गोष्ट करतो. तुम्ही पोचायच्या आधी नवी बॅटरी जोडतो, थोडं पेट्रोल ओततो आणि गाडी चालू करून ठेवतो. "बघा, पहिल्या सेल्फला घेतली!" त्यात फसवण्याचा हेतू असतोच असं नाही. पण आठ-दहा वर्षं थांबलेल्या इंजिनाचं सगळ्यात जास्त नुकसान नेमकं त्या पहिल्या मिनिटात होतं. बेअरिंगवरचं तेल केव्हाच खाली उतरलेलं असतं, पिस्टनच्या रिंगा कोरड्या असतात, टाकीतला गाळ पंपातून पुढे सरकतो. त्यात टर्बो (इंजिनात जादा हवा दाबून भरणारं यंत्र) मोठा बसवलेला आणि ईसीयू (इंजिन सांभाळणारा संगणक) मूळ कंपनीचा नसलेला असेल, तर इंजिनात जाणारं पेट्रोल कमी आहे की जास्त हेसुद्धा बघणाऱ्याला कळत नाही.

म्हणून पहिल्याच फोनवर सांगा की आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. विकणारा ऐकला तर चांगलंच. नाही ऐकला, तर खालच्या सगळ्या तपासण्या दुप्पट बारकाईने करा.

फोनवर काय विचारायचं

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: गाडी उभी का केली? धडधाकट गाडी सहसा कोणी दहा वर्षं झाकून ठेवत नाही. घर बदललं, परदेशी गेलो, मालक वारले ही कारणं खरी असू शकतात. पण "जरा गरम होत होती", "तिसरा गिअर अडत होता", "ट्यूनिंग थोडं बाकी होतं" यातलं काही कानावर आलं, तर तोच दोष आजही गाडीत आहे असं धरून चाला. त्यावर आता इतक्या वर्षांचा गंज चढलाय एवढंच.

मग जागेचं विचारा. बंद खोली होती की उघडी शेड? खाली फरशी होती की माती? मातीतून सतत ओल वर येते. अंगावर प्लॅस्टिकची ताडपत्री असेल तर ती ओल आत कोंडून राहते, आणि अशी झाकलेली गाडी उघड्यावरच्या गाडीपेक्षा जास्त गंजलेली निघू शकते. टाकी भरलेली होती का, हँडब्रेक ओढलेला होता का, इंजिन मधूनमधून चालू करायचे का, हेही विचारून घ्या. महिन्यातून पाच मिनिटं चालू करून बंद केलेलं इंजिन चांगलं राहतं असा पुष्कळांचा समज आहे. तसं होत नाही. इतक्या थोड्या वेळात तेल तापत नाही, ज्वलनातलं पाणी सायलेन्सरमध्ये आणि तेलात साठत जातं.

मॉडिफिकेशनबद्दल चार गोष्टी हातात हव्यात: सुट्या भागांची आणि मजुरीची बिलं, डायनोचा (गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्राचा) कागद, ईसीयूतल्या ट्यूनची, म्हणजे पेट्रोल आणि ठिणगीच्या सेटिंगची, फाईल (कुलूप लावलेलं असेल तर पासवर्डसह) आणि काढून ठेवलेले मूळ भाग. मूळ एअर बॉक्स, मूळ कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, मूळ ईसीयू जपून ठेवलेले असतील तर ती गाडी सांभाळणाऱ्या माणसाच्या हातात होती असं समजायला हरकत नाही. शिवाय प्रदूषणाच्या तपासणीला पुढे ते लागतात. इंजिन बदललेलं असेल तर ब्लॉकवरचा नंबर आणि कागदावरचा नंबर जुळतो का, हे घरून निघायच्या आधी फोटो मागवून बघा. नंबर जुळत नसेल आणि बदलाची नोंद नसेल, तर गाडी कितीही देखणी असली तरी ती तुमच्या नावावर होण्यात अडचण येणार.

सांगितलेली ताकद खरी आहे का

हे घरी बसून, कागद-पेन्सिल घेऊन कळतं. टर्बो इंजिनाला एका अश्वशक्तीसाठी ताशी साधारण ०.६ पौंड पेट्रोल लागतं, म्हणजे मिनिटाला अंदाजे ६.३ सीसी. इंजेक्टर (पेट्रोल फवारणारी तोटी) एकूण वेळेच्या ८० ते ८५ टक्क्यांहून जास्त उघडा ठेवणं सुरक्षित नसतं. समजा चार सिलिंडरच्या गाडीत मिनिटाला ५५० सीसी देणारे इंजेक्टर आहेत. चारांचे मिळून २२०० सीसी, त्याचे ८५ टक्के १८७०. त्याला ६.३ ने भागलं की उत्तर येतं २९७ अश्वशक्ती. विकणारा "चारशेची गाडी आहे" म्हणत असेल तर तीनच शक्यता उरतात: इंजेक्टर वेगळे आहेत, इंजेक्टरचा सीसीचा आकडा ज्या दाबावर मोजतात त्या ३ बारपेक्षा पेट्रोलचा दाब बराच वाढवलाय, किंवा चारशे हा आकडा हवेतला आहे. यातली दुसरी शक्यता खरी असेल तर पेट्रोल पंपावर वर्षानुवर्षं जादा ताण पडला होता हेही त्यातूनच कळतं.

ट्यून कोणत्या इंधनावर केलं होतं, हे विचारायला विसरू नका. ई८५ साठी (८५ टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेल्या इंधनासाठी) केलेलं ट्यून साध्या पेट्रोलवर चालवलं तर मिश्रण फार गर्द होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त जातं, सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन निघतं आणि जोर लावला की वेळेआधीच्या ठिणगीमुळे इंजिन नॉक करतं (आत अवेळी ठोके पडतात). उलट, पेट्रोलच्या ट्यूनवर ई८५ भरलं तर मिश्रण पातळ होतं आणि पिस्टन जळतो. गाडीत नेमकं काय भरायचं हे माहीत नसेल, तर ती बूस्टवर, म्हणजे टर्बोच्या दाबावर, चालवायचीच नाही.

सोबत काय न्यायचं

पूर्ण चार्ज झालेली बॅटरी, मल्टीमीटर, प्लगच्या भोकातून जाणारा बोअरस्कोप (बारीक कॅमेरा), कॉम्प्रेशन गेज, क्रँक पुलीच्या बोल्टला बसणारं सॉकेट आणि त्याला लागणारा अर्धा इंच ड्राइव्हचा लांब दांडा, जॅक आणि दोन स्टँड, जाडी मोजायचं पेंट मीटर, कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक, २०० मिलीलिटर इंजिन ऑइल, पाच लिटरचा ताज्या पेट्रोलचा डबा आणि अग्निशामक. शेवटची वस्तू घरी ठेवू नका. जुन्या रबरी नळीवर अचानक ३ बारचा दाब आला की ती कुठे फाटेल सांगता येत नाही, आणि खालीच एक्झॉस्ट असतो.

अंग आणि तळ

मूळ रंगाची जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरते. ३०० च्या पुढे म्हणजे पुन्हा रंगवलंय, हजाराच्या पुढे म्हणजे खाली लांबी (पुट्टी) आहे. मॉडिफाय केलेल्या गाडीत मीटर सगळ्यात आधी मागच्या चाकांच्या कमानीला लावा. रुंद टायर बसावेत म्हणून कमानीची आतली कड ठोकून वळवलेली असते. तिथे रंगाला बारीक तडे जातात, तड्यात पाणी शिरतं आणि गंज आतून बाहेर येतो. बोट आतून फिरवा. कड खरखरीत लागली किंवा पापुद्रे सुटले तर तिथला पत्रा कापून नवा लावावा लागेल.

त्यानंतर सिल (दारांखालचा पत्रा), जॅक लावायच्या जागा, सस्पेन्शनच्या मनोऱ्याचा जोड, बॅटरीचा ट्रे आणि डिकीतला स्टेपनीचा खड्डा. गालिचा उचलून खालचं फेल्ट दाबून बघा, ओलं असेल तर कुबट वास लगेच येतो. रोलकेज (गाडीच्या आत बसवलेला नळ्यांचा पिंजरा) असेल तर पत्र्याला वेल्ड केलेल्या जागी प्राइमर लावलाय का बघा. उघड्या वेल्डला गंज सगळ्यात आधी धरतो. एअरबॅग काढून रेसिंगचं स्टिअरिंग लावलं असेल तर मूळ स्टिअरिंग कुठे आहे ते विचारा.

उंदीर-घुशींचा माग एअर फिल्टरच्या डब्यात आणि डॅशबोर्डखाली काढा. कुरतडलेली एक वायर दिसली तर न दिसणाऱ्या आणखी असणार हे धरून चाला.

वायरिंग

मॉडिफाय केलेल्या गाडीचा कारागीर कसा होता, हे इंजिनापेक्षा वायरिंगवरून जास्त लवकर कळतं. डॅशबोर्डखाली टॉर्च मारा. क्रिंप केलेले जोड, श्रिंक ट्यूब, प्रत्येक जादा वायरला फ्यूज असेल तर पुढचं कामही विश्वासाचं असण्याची शक्यता मोठी. पिळून काळी टेप गुंडाळलेले जोड आणि थेट बॅटरीवरून ओढलेली बिनफ्यूजची वायर दिसली, तर ज्याने हे केलं त्यानेच टर्बोची तेलाची नळीही बसवली आहे हे डोक्यात ठेवा.

ईसीयूचं झाकण उघडता आलं तर उघडाच. १९८० च्या अखेरीस आणि १९९० च्या सुरुवातीला बनलेल्या काही ईसीयूंमधले कपॅसिटर गळतात, मित्सुबिशीचे त्यासाठी ओळखले जातात. बोर्डवर तपकिरी डाग आणि मासळीसारखा वास हे त्याचं लक्षण. गळलेलं द्रव तांब्याच्या रेषा खातं, म्हणून वेळेत कपॅसिटर बदलले तर बोर्ड वाचतो.

इंधन

टाकीचं झाकण उघडून वास घ्या. ताज्या पेट्रोलचा वास नाकात झोंबतो. शिळ्या पेट्रोलला वॉर्निश किंवा टर्पेंटाइनसारखा जड, आंबूस वास येतो. असं पेट्रोल एक थेंबही इंजिनात जाता कामा नये. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतली ओल शोषतं, एका मर्यादेनंतर पाणी आणि इथेनॉल एकत्र तळाला बसतात आणि टाकी तिथून गंजायला लागते. पंप बाहेर काढता आला तर त्याच्या तळाची जाळी बघा. ती डांबरासारख्या काळ्या चिकट थराने भरलेली असेल तर पंप, फिल्टर आणि इंजेक्टर हे सगळं खर्चात धरा.

इंजेक्टर नुसते धुऊन भागत नाही. चारही एका बेंचवर लावून प्रवाह मोजायला हवा. तीन नीट फवारताहेत आणि चौथा १० टक्के कमी देतोय अशा इंजिनात बूस्टवर त्याच एका सिलिंडरचा पिस्टन जातो, आणि एक्झॉस्टमध्ये मोजलेली सरासरी मात्र ठीक दिसते. इंजेक्शनच्या गाडीसाठी नळ्या घेताना एसएई जे३०आर९ किंवा त्यावरच्या दर्जाच्या घ्या. कार्ब्युरेटरची साधी नळी तो दाब झेलत नाही.

इंजिन, हाताने

प्लग काढा, काढताना सिलिंडरप्रमाणे क्रमाने मांडून ठेवा. बोअरस्कोप आत सोडा. थांबलेल्या इंजिनात एखाद-दोन सिलिंडरचे व्हॉल्व्ह उघडे राहिलेले असतात. सायलेन्सरमधून ओलसर हवा थेट त्यांच्यात जाते आणि रिंगा जिथे टेकलेल्या आहेत तिथे भिंतीवर एक तांबूस कडं उमटतं. बाकीचे सिलिंडर स्वच्छ आणि एकात कडं, असं दृश्य नेहमीचं आहे. कडं नुसत्या तपकिरी छटेचं असेल, खालच्या होनिंगच्या (भिंत घासून मुद्दाम उमटवलेल्या) तिरक्या रेषा त्यातून दिसत असतील, तर तेलाने ते सुटतं. रेषा नाहीशा होऊन खड्डे दिसत असतील, तर त्यावरून रिंग फिरवली की ती तुटेल. तिथे इंजिन उघडण्याचा खर्च धरूनच भाव बोला.

कडं हलकं असेल तर प्रत्येक सिलिंडरमध्ये ५ ते १० मिलीलिटर तेल सोडा. शक्य असेल तर रात्रभर थांबा. मग गिअर न्यूट्रलला ठेवून क्रँक पुलीवर सॉकेट लावा आणि इंजिन ज्या दिशेने चालतं त्याच दिशेने हळू फिरवा. बहुतेक इंजिनं समोरून बघताना घड्याळाच्या दिशेने फिरतात, होंडाची जुनी बी आणि डी मालिका उलट्या. उलट फिरवलं तर सैल पडलेला टायमिंग बेल्ट दात सोडू शकतो. दोन पूर्ण फेऱ्या अडथळ्याशिवाय झाल्या पाहिजेत. मध्ये कुठे एकदम कडक अडलं तर जोर लावू नका. अडकलेला व्हॉल्व्ह पिस्टनला टेकला असण्याची शक्यता असते, आणि हाताच्या जोराने तो वाकतो.

बेल्टचं वय किलोमीटरवर मोजू नका, वर्षांवर मोजा. रबर उभ्या गाडीतही वाळतं, आणि पुलीवर एकाच जागी वाकून राहिलेला भाग सगळ्यात आधी तुटतो. पोर्श ९४४ सारख्या इंजिनात बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह वाकलेच समजा, शिवाय तिथे बॅलन्स शाफ्टचा दुसरा बेल्टही असतो. पहिल्या पिढीच्या माझदा एमएक्स-५ मध्ये बेल्ट तुटला तर इंजिन नुसतं बंद पडतं. तुम्ही बघताय ते इंजिन यातल्या कुठल्या जातीचं आहे, हे आधी माहीत करून घ्या. निस्सान एसआर२०डीईटीला साखळी आहे, तिथे बेल्टची काळजी नाही.

आता कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब. पेट्रोल पंपाचा रिले काढा, इग्निशन कॉइलचे कनेक्टर सोडवा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा आणि गेज लावून सेल्फ मारा. सगळ्या सिलिंडरांचे आकडे १० ते १५ टक्क्यांच्या आत जुळायला हवेत. एकूण आकडा कमी आला तर लगेच घाबरू नका. जास्त ड्युरेशनचे (व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारे) कॅमशाफ्ट बसवलेले असले की सेल्फवर कॉम्प्रेशन कमीच दाखवतं, आणि नुकतंच ओतलेलं तेल आकडा वर नेतं. खरं निदान लीकडाउन टेस्टमध्ये होतं. सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टोकाला आणून त्यात हवा भरा आणि ऐका. इनटेकमधून फुसफुस म्हणजे इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, तेलाच्या झाकणातून म्हणजे रिंगा, रेडिएटरमध्ये बुडबुडे म्हणजे हेड गॅस्केट. १० टक्क्यांच्या आत गळती उत्तम, २० च्या पुढे इंजिन उघडायची तयारी ठेवा.

माझदा आरएक्स-७ सारखं रोटरी इंजिन (पिस्टनऐवजी फिरणारे तिकोनी रोटर असलेलं) असेल तर साधा गेज निरुपयोगी आहे. एका रोटरला तीन कप्पे असतात आणि गेज त्यातला फक्त सगळ्यात चांगला दाखवतो. रोटरच्या टोकाचं एक एपेक्स सील मेलेलं असलं तरी आकडा छान येतो. तिन्ही कप्पे वेगळे मोजणारं रोटरीचं टेस्टर मिळाल्याशिवाय व्यवहार करू नका.

टर्बो

इनटेकची नळी काढून बोटांनी शाफ्ट हलवा. आडवा किंचित खेळ चालतो, कारण तेलाचा थर भरल्यावर तो नाहीसा होतो. पुढे-मागे हाताला जाणवण्याइतका खेळ असेल किंवा पाती आतल्या भिंतीला घासल्याच्या चमकदार खुणा असतील तर टर्बो संपलेला आहे.

याहून मोठा धोका वेस्टगेटचा (बूस्ट मर्यादेत ठेवणाऱ्या भागाचा) आहे आणि तो बहुतेकांच्या लक्षात येत नाही. बरीच वर्षं थांबलेली त्याची झडप गंजून बंद स्थितीत अडकते. गाडी आयडलला सुरेख चालते, पहिल्यांदा जोरात ॲक्सिलरेटर दाबला की बूस्ट थांबतच नाही आणि इंजिन जातं. बूस्टचा दाब वेस्टगेटपर्यंत नेणारी ४ मिलिमीटरची लहान रबरी नळी कडक होऊन फाटली तरी तेच होतं. हातपंपाने ॲक्च्युएटरला (झडप उघडणाऱ्या डबीला) हवा द्या, त्याच्या स्प्रिंगच्या दाबाला दांडा सरकतोय आणि परत बसतोय ते डोळ्यांनी बघा. गाडी घेतल्यावर या सगळ्या लहान नळ्या बदला.

ब्रेक, क्लच, टायर

डॉट ४ ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू ताजं असताना किमान २३० अंश असतो आणि ओल शोषल्यावर १५५ अंश सेल्सिअसपर्यंत खाली येऊ शकतो. म्हणून ते पूर्ण काढायचं, वरून भरून भागत नाही. जुन्या रबरी नळ्या आतून फुगतात. पाय दाबला की दाब पुढे जातो, परत येत नाही, आणि चाक धरून राहतं. रेसिंगच्या मोठ्या कॅलिपरना बऱ्याचदा धुळीचं रबर नसतं, त्यांचे पिस्टन आधी जाम होतात.

क्लच तपासायला इंजिन बंद ठेवून गाडी गिअरमध्ये टाका, पेडल दाबा आणि गाडी ढकला. ढकलली गेली नाही तर आधी ब्रेक धरलेले नाहीत ना ते बघा. ते मोकळे असतील तर डिस्क गंजून फ्लायव्हीलला चिकटली आहे.

टायरवर DOT या अक्षरांच्या ओळीतले शेवटचे चार आकडे वाचा. २३१४ म्हणजे २०१४ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी नवीकोरी दिसली तरी दहा वर्षं उलटलेले टायर काढून टाकायचे.

भाव

तीन याद्या करा. न उघडता वापरता येतील असे भाग, काहीही झालं तरी बदलायचेच असे भाग, आणि ज्यांच्याबद्दल कागद नाही असे भाग. बेल्ट, वॉटर पंप, सगळी ऑइलं, सगळ्या रबरी नळ्या, टायर, बॅटरी, ब्रेकच्या सीलचा संच दुसऱ्या यादीत जातात, चर्चेशिवाय. तिसऱ्या यादीत "फोर्ज्ड पिस्टन आहेत" असं तोंडी सांगितलेलं इंजिन येतं. बिल नसेल तर ते मूळ पिस्टनचंच समजून किंमत करा. मॉडिफिकेशनवर झालेला खर्च हा विकणाऱ्याचा खर्च आहे, तुम्ही देता ती आज समोर असलेल्या गाडीची किंमत.

गाडी ट्रेलरवर घालून न्या. ब्रेक जुळलेत की नाहीत माहीत नसलेली गाडी रस्त्यावरून चालवत नेणं इतरांच्याही जिवाशी खेळणं आहे.

पहिली किल्ली

टाकी साफ, पंप-फिल्टर-नळ्या नव्या, बेल्ट नवा, ताजं इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर तेलाने भरून बसवलेला, कूलंट बदललेलं. इथपर्यंत आल्यावर व्हॉल्व्ह कव्हर उघडून कॅमवर थोडं तेल ओता. टर्बोच्या तेलाच्या भोकातही थोडं सोडा. मग प्लगशिवाय, पेट्रोल आणि इग्निशन तोडलेल्या अवस्थेत, दहा-दहा सेकंद सेल्फ मारा, मध्ये एक मिनिट थांबा. ऑइल प्रेशरचा काटा उचलेपर्यंत हेच करा. त्यानंतरच प्लग बसवून चालू करा.

वाइडबँड सेन्सरला (एक्झॉस्टवरून मिश्रण मोजणाऱ्या सेन्सरला) वीज मिळतेय याची खात्री करा. तो एक्झॉस्टमध्ये बसलेला आणि वीज बंद, अशा स्थितीत इंजिन चाललं तर सेन्सर खराब होतो. आयडलला मिश्रण (एक भाग पेट्रोलला किती भाग हवा) साधारण १४.७ च्या आसपास, टर्बो गाडीत पूर्ण जोरावर ११ ते १२. पूर्ण जोर मात्र इतक्यात नाही. आधी वीस मिनिटं जागेवर, गळती शोधत. मग ३०० किलोमीटर बूस्टशिवाय. त्यानंतर तेल आणि फिल्टर काढा, फिल्टर कापून त्याची घडी पांढऱ्या कागदावर उलगडा आणि चुंबक फिरवा. चुंबकाला चिकटणारे कण पोलादाचे. न चिकटणारी राखाडी किंवा तांबूस चमक दिसली तर ती बेअरिंगची, आणि मग डायनोची वेळ रद्द करून इंजिनाखालचं ऑइलचं चेंबर उघडा. कागद स्वच्छ असेल तर डायनोवर जा, आणि वेस्टगेटच्या नुसत्या स्प्रिंगच्या दाबाने सुरुवात करा.